लिव्हिंग ट्रस्ट करावा की मृत्युपत्र पुरे? नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

डिसेंबरच्या सुट्टीत मुलं परदेशातून घरी येतात, आणि ती परत गेली की जानेवारीत आईबाबा माझ्याकडे येतात. हातात मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं काहीतरी असतं आणि तोंडी एकच प्रश्न: "तिकडे सगळ्यांनी लिव्हिंग ट्रस्ट केला आहे म्हणे. आपणही करून टाकावा का?" नागपुरात वकिली करताना मृत्युपत्रं, वाटण्या आणि कौटुंबिक ट्रस्ट हेच माझं रोजचं काम. खालचे प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. तुमच्या घरचा मामला वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघेल, त्यामुळे सही करण्याआधी कागद कोणाला तरी दाखवा.

लिव्हिंग ट्रस्ट म्हणजे नक्की काय?

आधी एक घोळ दूर करू. नागपुरात 'ट्रस्ट' म्हटलं की जुन्या माणसाला १९३६ च्या कायद्याचा सुधार प्रन्यास (शहराचे लेआउट पाडणारी संस्था) आठवतो. लेआउट, लीज, सगळं डोळ्यांपुढे येतं. त्याच्याशी याचा काही संबंध नाही.

इथे ट्रस्ट म्हणजे घरगुती व्यवस्था. तुम्ही हयातीतच एक ट्रस्ट डीड करता, आपली काही मालमत्ता विश्वस्तांच्या नावावर लावता आणि लिहून ठेवता: मी आहे तोवर यातून माझा आणि बायकोचा खर्च चालवा, आमच्यामागे जे उरेल ते अमक्याला इतकं, तमकीला इतकं. विश्वस्तांमध्ये तुम्ही स्वतः पहिले असू शकता. हयातीत सुरू होतो म्हणून 'लिव्हिंग'. मन बदललं तर मोडायचा हक्क तुम्ही राखून ठेवलेला असतो, म्हणून 'रद्द करता येणारा'. आपल्याकडे हे सगळं भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली येतं.

मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते का?

नाही. ते सार्वजनिक न्यासांसाठी: देवस्थान, शाळा, वाचनालयं. घरच्या माणसांसाठीचा ट्रस्ट खासगी असतो, तिथे जावं लागत नाही. मात्र ट्रस्टमध्ये घर किंवा प्लॉट असेल तर डीड लेखी हवं, सहीचं हवं आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं हवं. न्यास अधिनियमाचं कलम ५ तेच सांगतं. वकिलाच्या टेबलावर नोटरी केलेल्या कागदाने घर ट्रस्टमध्ये जात नाही.

अमेरिकेत सगळे हे का करतात?

प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्रावर शिक्कामोर्तब, टाळायला. तिथे माणूस गेला की त्याच्या नावावरची मालमत्ता बहुतेक वेळा कोर्टाच्या देखरेखीतून वारसांकडे जाते. त्यात महिने जातात, सगळं सार्वजनिक दप्तरात येतं, आणि काही राज्यांत ते भलतंच महाग पडतं. कॅलिफोर्नियात वकिलाची फी कायद्यानेच ठरलेली आहे: पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या १ लाखावर ३, त्यापुढच्या ८ लाखांवर २ टक्के. दहा लाख डॉलरच्या घराला २३ हजार डॉलर झाले. व्यवस्थापकालाही तितकेच घेता येतात. घरावरचं कर्ज या हिशेबात वजा होत नाही. मालमत्ता आधीच ट्रस्टच्या नावावर असेल तर ती या वाटेने जातच नाही. तिकडे राहणाऱ्या तुमच्या मुलाने ट्रस्ट केला असेल तर शहाणपणाच केला आहे.

नागपुरात प्रोबेट लागतं का?

इथेच अमेरिकेतला सल्ला इकडे लागू पडत नाही. प्रोबेटची सक्ती भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये होती ती मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या जुन्या इलाख्यांच्या शहरांपुरती. नागपूर तर मध्य प्रांतातलं. इथलं घर, इथलं मृत्युपत्र, हिंदू किंवा बौद्ध कुटुंब, तर प्रोबेटची सक्ती आपल्यावर कधी नव्हतीच. मृत्युपत्र आणि मृत्यूचा दाखला घेऊन सिटी सर्व्हेत आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव चढवायला जाता येतं. कोणी हरकत घेतली तर प्रकरण दिवाणी कोर्टात जातं, पण हरकत घेणारा भाऊ ट्रस्टवरही घेतो. ज्याला भांडायचंच आहे त्याला ट्रस्ट डीड आडवं येत नाही.

म्हणजे आपल्याकडे ट्रस्टचा काही उपयोगच नाही?

आहे, पण कारण वेगळं आहे, आणि ते कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मामांना सत्तरीत पक्षाघात झाला. बोलणं गेलं, समज गेली. मृत्युपत्र नोंदलेलं होतं, अगदी व्यवस्थित. पण मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलतं, आणि मामा त्यानंतर चार वर्षं होते. मामींकडे मुखत्यारपत्र होतं. एका बँकेत त्या ते घेऊन मुदत ठेव मोडायला गेल्या तर अधिकाऱ्याने विचारलं, काकाजी स्वतः शुद्धीवर आहेत का? मामींनी खरं सांगितलं आणि तिथेच काम अडलं. त्या बिचाऱ्या माझ्यावरच चिडल्या, कारण मुखत्यारपत्र मीच करून दिलं होतं. बँकेचं चुकलं होतं असं मला म्हणता येईना. करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्रही संपतं. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये क्षमता गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्या कायद्यात ती सोय नाही. ज्या दिवसासाठी आपण तो कागद करून ठेवतो, नेमका त्याच दिवशी तो रद्दी होतो.

पूर्वी १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घेता येत असे. २०१७ च्या नव्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. आता सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिका करून पालक नेमून घ्यावा लागतो. न्यायालय नेमतं, पण घरात आयसीयूचं बिल रोज वाढत असताना हे धावपळीचं काम आहे.

लिव्हिंग ट्रस्ट इथे कामी येतो. पैसा ट्रस्टच्या खात्यात असला, डीडमध्ये 'दोन डॉक्टरांनी लेखी दिलं की पुढचा विश्वस्त कारभार हाती घेईल' असं कलम असलं, तर दुसऱ्या दिवशी मुलगी किंवा भाची चेकवर सही करू शकते. त्यामुळे मी विचारणाऱ्याला उलट विचारतो, तुम्हाला भीती मेल्यावरची आहे की मरणाआधीच्या आजारपणाची? मेल्यावरची असेल तर मृत्युपत्र पुरेसं आहे. घरी दोघंच असाल, मुलं बाहेर, विसरभोळेपणाची सुरुवात झालेली, तर ट्रस्टचा विचार जरूर करा.

पण मग सगळंच ट्रस्टमध्ये टाकावं का? घरसुद्धा?

माझं मत: घर मृत्युपत्रात, पैसा ट्रस्टमध्ये. कारण मुद्रांक शुल्क.

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात खासगी ट्रस्टला मालमत्ता द्यायची तर सहसा खरेदीखताच्या दराने शुल्क बसतं. रेडी रेकनरने (सरकारी दरतक्त्याने) ८० लाखांचा फ्लॅट असेल तर ५ टक्क्यांनी नुसतं मूळ शुल्कच ४ लाख, त्यावर शहरातले अधिभार आणि नोंदणी फी निराळी. आपलंच घर, आपणच राहतो, आणि चार लाख भरायचे! मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क शून्य. घर मृत्युपत्राने थेट मुलांना देता येतं, किंवा मृत्युपत्रातच लिहिता येतं की माझ्यामागे घर ट्रस्टला जावं. तोही ट्रस्टच, फक्त तुमच्यामागे सुरू होणारा, आणि त्याला हे शुल्क नाही.

या मार्गात एक उणीव आहे, ती लपवत नाही. तुम्ही अंथरुणाला खिळल्यावर उपचारासाठी घरच विकायची वेळ आली तर ट्रस्ट कामाला येणार नाही, पुन्हा खंडपीठच. त्यासाठी ठेवी आणि म्युच्युअल फंड ट्रस्टकडे इतके असावेत की घराला हात लावावा लागू नये.

पैशाच्या बाबतीत लहानशा रकमेने ट्रस्ट उभा करतात, ट्रस्टचं पॅन आणि बँक खातं काढतात आणि मग रक्कम वळती करतात. सगळं मात्र वळवू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि पीपीएफ फक्त व्यक्तीच्या नावावर चालतात. मुदत ठेवीवरचा ज्येष्ठांचा जादा व्याजदरही व्यक्तीलाच मिळतो, ट्रस्टला नाही. पेन्शनचं खातं तर हलवायचंच नाही.

ट्रस्ट कधीही मोडता येतो ना?

डीडमध्ये तसं लिहिलं असेल तरच. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गृहीत उलट आहे: 'रद्द होणार नाही' असं लिहिलं नसेल तर ट्रस्ट मोडता येतो. आपल्या कायद्याच्या कलम ७८ मध्ये हयातीत केलेला ट्रस्ट मोडायला एकतर तो हक्क डीडमध्ये स्पष्ट राखलेला हवा, नाहीतर सगळे लाभार्थी सज्ञान असून सगळ्यांची संमती हवी. लाभार्थ्यांत पाच वर्षांची नात असेल तर तिची संमती कोण देणार? इंटरनेटवरचा अमेरिकन मसुदा उतरवून, वर 'लिव्हिंग ट्रस्ट' असं शीर्षक टाकून आणलेले कागद मी पाहिले आहेत. रद्द करण्याचं कलमच नाही. शीर्षकाने हक्क मिळत नाही.

आणखी एक ओळ टाकून घ्या: रद्द करण्याचा हक्क फक्त तुमचा स्वतःचा, तुमच्या वतीने दुसरा कोणी तो वापरणार नाही. नाहीतर तुम्ही आजारी पडलात की कोणीतरी तुमच्या अंगठ्याने ट्रस्ट मोडून मोकळा होईल.

इन्कम टॅक्स वाचतो का?

एक रुपयाही नाही. ट्रस्ट मोडायचा हक्क तुमच्याकडे आहे ना, मग त्यातलं उत्पन्न तुमचंच, असं आयकर कायदा धरतो. १९६१ च्या कायद्यात कलम ६१ ते ६३ मध्ये हे होतं. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे. व्याज, भाडं, भांडवली नफा, सगळं तुमच्या विवरणपत्रात.

मुलं काळजी करतात त्या वारसा कराचं म्हणाल तर तो भारतात नाहीच. १९५३ चा इस्टेट ड्युटी कायदा होता, तो १९८५ मध्ये उठला. अमेरिकेत असा कर आहे, पण २०२६ पासून तिथल्या रहिवाशाला दीड कोटी डॉलरपर्यंत माफी आहे. आपल्यापैकी ज्यांनी इथे बसून ॲपवरून अमेरिकन शेअर घेतले आहेत त्यांनी मात्र कान टवकारावेत: परदेशी माणसाला तिथल्या मालमत्तेवर माफी फक्त ६० हजार डॉलरची आहे.

इतवारीत धंदा आहे, बँकेला पर्सनल गॅरंटी दिली आहे. घर ट्रस्टमध्ये टाकलं तर बँक हात लावणार नाही ना?

लावेल. जे तुम्हाला हवं तेव्हा परत घेता येतं ते धनकोच्या दृष्टीने तुमचंच. आणि कर्ज थकल्यावर मालमत्ता फिरवली तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली ते हस्तांतरण उलटवता येतं. संरक्षण हवं असेल तर ते रद्द न होणाऱ्या ट्रस्टने, तेही धंदा धडधाकट असताना केलेल्या, आणि मालमत्तेवर कायमचं पाणी सोडायची तयारी असेल तर. व्यापारी माणसाला हे पटवायला मला दोन चहा लागतात.

बायकोमुलांसाठी मात्र एक सोपी सोय पडून आहे. विवाहित स्त्रियांचा मालमत्ता अधिनियम, १८७४. विवाहित पुरुषाने स्वतःच्या जिवावरची विमा पॉलिसी घेताना या कायद्याखालचा फॉर्म भरला की ती पॉलिसी आपोआप बायकोमुलांसाठीचा ट्रस्ट होते आणि नवऱ्याच्या धनकोंच्या हातून सुटते. पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर नाही.

त्यापेक्षा मुलाला बक्षीसपत्रच करून देऊ? दोनशे रुपयांत होतं म्हणे.

निवासी घर किंवा शेती नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, हे खरं. शहरात त्यावर अधिभार लागू शकतात, ते आधी विचारून घ्या. पण बक्षीसपत्र झालं की घर गेलं. मन बदललं म्हणून ते मोडता येत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि मुलाने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. पण ती अट होती हे दिसलं पाहिजे. 'प्रेमापोटी देत आहे' एवढंच लिहून मोकळे होऊ नका, सांभाळायची अट शब्दांत लिहा. आणि खरं सांगू का? अटीची आठवण करून द्यायला एसडीओच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या, ऑफिसात जायची पाळी येण्यापेक्षा घर आपल्या नावावरच ठेवलेलं बरं.

सगळीकडे नॉमिनी टाकला आहे. आता काय उरलं?

बरंच उरलं. नॉमिनी हा पैसे हातात घेणारा माणूस, मालक नव्हे. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्ये सांगितलं, शेअरबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. विम्यात २०१५ पासून आईवडील, नवराबायको आणि मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच, एवढा अपवाद. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी ठेवता येतात. ते करा, बँकेचं काम लवकर होतं. पण मोठ्या मुलाला नॉमिनी केलं म्हणून धाकटीचा हिस्सा संपत नाही, आणि मोठ्याला ते बहुतेक वेळा माहीत नसतं. अर्धी भांडणं इथूनच.

महालात वडिलोपार्जित वाडा आहे. तो ट्रस्टमध्ये टाकता येईल?

तुमचा हिस्सा तेवढा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचाही जन्मतः हिस्सा आहे. ९ सप्टेंबर २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा विनीता शर्मा खटल्याचा निकाल यांनंतर त्यात शंका राहिलेली नाही. बहिणींनी हक्कसोडपत्र दिलं आहे असं सगळे सांगतात, काढून दाखवा म्हटलं की साध्या कागदावरची सही निघते. आधी वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र नोंदून घ्या, मग ट्रस्टचं बघू.

काटोलला संत्र्याची बाग आहे.

तिला ट्रस्टपासून लांब ठेवा. विदर्भात कुळवहिवाटीचा १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि शेतजमीन शेतकरी नसलेल्याला द्यायची तर परवानगी लागते. ट्रस्ट शेतकरी आहे का, या प्रश्नावर तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत प्रत्येकाचं उत्तर निराळं मिळतं आणि फेरफार लटकतो. त्यात जमीन भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर दिलेली) असेल तर आणखी एक परवानगी. सातबारा आपल्या नावावर ठेवा आणि मृत्युपत्राने वारसांना द्या. अनिवासी मुलगा शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, पण वारसाने ती त्याच्याकडे येऊ शकते.

आमचा प्लॉट सुधार प्रन्यासच्या लीजवर आहे.

लीजवरची जागा दुसऱ्याच्या नावे करायची तर प्रन्यासची परवानगी आधी बघा. नझूलच्या (सरकारी मालकीच्या) जागेचंही तसंच, फक्त दार कलेक्टर कचेरीचं.

मुलगी डलासला आहे. इथला ट्रस्ट तिच्यासाठी केला तर तिला काही त्रास?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, उठता उठता. विचारायचा पहिल्यांदा. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला भारतातल्या ट्रस्टमधून पैसे मिळाले की तो तिथे 'परदेशी ट्रस्टचा लाभार्थी' ठरतो. ज्या ज्या वर्षी पैसे मिळतील त्या वर्षी फॉर्म ३५२० भरावा लागतो. तो राहिला तर दंड मिळालेल्या रकमेच्या ३५ टक्क्यांपर्यंत जातो, आणि निदान १० हजार डॉलर. तुम्ही प्रेमाने ट्रस्ट करायचा आणि लेकीने सीएला पैसे मोजत बसायचं.

थेट वारसाने मिळालं तर प्रकरण सोपं. वर्षात १ लाख डॉलरपेक्षा जास्त असेल तर तोच फॉर्म एकदा माहितीसाठी भरायचा, कर नाही. इथे विकून आलेला पैसा एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या इथल्या) खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतो. बहुतेक नागपूरकरांच्या घराला ती मर्यादा पुरून उरते.

मुलाने तिकडे लिव्हिंग ट्रस्ट केला आहे, त्यात त्याने वर्धा रोडचा त्याचा फ्लॅटही लिहिला आहे. चालेल?

तिथल्या यादीत नाव लिहिल्याने इथला फ्लॅट ट्रस्टचा होत नाही. स्थावर मालमत्ता जिथे आहे तिथला कायदा चालतो, आणि आपल्या दप्तरात तो मुलाच्याच नावावर आहे. भारतातल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र त्याने करावं, दोन साक्षीदारांसमोर.

पण एका ओळीकडे लक्ष द्या. तिकडच्या ट्रस्टसोबत वकील एक मृत्युपत्रही करून देतो आणि त्यात हमखास लिहिलेलं असतं: 'याआधीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द.' नागपूरचं आधी आणि तिकडचं नंतर झालं असेल तर त्या एका ओळीने नागपूरचं उडालं. 'भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र सोडून' एवढे शब्द त्यात घालून घ्यायला सांगा.

आमचा मुलगा मतिमंद आहे. आमच्यामागे त्याचं कसं?

इथे मी ट्रस्टच सांगतो, मागेपुढे न पाहता. सज्ञान झालेल्या अशा मुलाचा पालकही आईवडील आपोआप राहत नाहीत. आत्ममग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. तो आदेश आधी घ्या, तुम्ही धडधाकट असताना.

पालक वेगळा आणि पैसा सांभाळणारा वेगळा, हे लक्षात ठेवा. एकाच काकाच्या हातात दोन्ही देऊ नका. ट्रस्ट डीडमध्ये फक्त 'मुलाच्या देखभालीसाठी' असं लिहून भागत नाही. त्याची औषधं कोणती, तो कोणाकडे शांत राहतो, संस्थेत ठेवायची वेळ आली तर कोणत्या परिस्थितीत, दिवाळीला घरी आणायचं की नाही, हे सगळं सोबत एका पत्रात लिहा. कायद्याने ते बंधनकारक नसेल, पण वीस वर्षांनी जो कोणी विश्वस्त असेल त्याला त्या पत्राशिवाय तुमचं पोर कळणार नाही. ट्रस्ट आता छोट्या रकमेने सुरू करा आणि मृत्युपत्राने बाकीचं त्यात येऊ द्या. मुलाच्या नावावर थेट काही ठेवू नका.

विश्वस्त कोणाला करावं?

थोरल्यालाच करायचं असा काही नियम नाही. हिशेब लिहायची सवय असलेला माणूस बघा, मग तो भाचा असो की धाकटी सून. तुमच्याशिवाय निदान एक आणि त्याच्यामागे एक, अशी साखळी लिहा. विश्वस्ताला ट्रस्टची मालमत्ता स्वतः विकत घेता येत नाही. आणि डीडमध्ये लिहिलं नसेल तर त्याला मेहनताना मागता येत नाही, म्हणून काहीतरी रक्कम लिहा. फुकटचा विश्वस्त दोन वर्षांत फोन उचलणं बंद करतो.

नातवंडांच्या नातवंडांपर्यंत ट्रस्ट चालवता येईल?

नाही. आज हयात असलेल्यांचं आयुष्य आणि त्यापुढच्या न जन्मलेल्याची १८ वर्षं, ढोबळमानाने इथवर कायदा परवानगी देतो.

मुस्लिम कुटुंबांनाही हेच लागू का?

सगळं नाही. मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंतच देता येतं आणि वारसाला द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. त्यामुळे हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करण्याकडे कल असतो. त्या कायद्याच्या जाणकार वकिलाकडे जा.

ट्रस्ट केला तर मृत्युपत्राची गरज नाही ना?

आहे. ट्रस्टमध्ये न टाकलेलं काही ना काही उरतंच: पेन्शनचं खातं, स्कूटर, लॉकरमधले दागिने, गावाकडचा हिस्सा.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करा. चालता येत नसेल तर कारण देऊन दुय्यम निबंधकाला घरी बोलावता येतं. दोन साक्षीदार लागतात आणि वाद झाला तर त्यांतल्या एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं. लोक अंबाझरीला सकाळी फिरायला येणारे दोन मित्र घेऊन येतात, दोघंही पंच्याहत्तरीचे. मी त्यांना चहा पाजतो आणि परत पाठवतो. साक्षीदार चाळिशीच्या आतले आणा, ज्यांना तुमच्याकडून काही मिळणार नाही असे. सोबत त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला ठेवा.

मूळ कागद कुठे ठेवायचे?

लॉकर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर त्यात ठेवू नका. तुम्ही गेल्यावर लॉकर उघडायला मृत्युपत्र लागेल आणि मृत्युपत्र लॉकरात असेल. पाकीट सीलबंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवायची सोय नोंदणी कायद्यात आहे, कोणी फारसं वापरत नाही. नाहीतर घरच्या कपाटात ठेवा आणि कोणत्या कप्प्यात ते दोघांना सांगा, त्यातला एक तरी नागपुरातच राहणारा असावा.